सकाळी सहाला या म्हणणारा माणूस

अहमदपुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाणबुडी मोटारी, मोनोब्लॉक, गिरणीच्या मोटारी, जे जळेल ते. उघडायचं, काळी पडलेली तार उपसायची, नवीन भरायची. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. गाडीतलं मला सगळं कळतं असं नाही, पण फिरणाऱ्या वस्तूचा आवाज कळतो. बेअरिंग अजून किती दिवस काढेल ते मी कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून सांगतो. ही जुनी वॅगनआर मी तशीच घेतली, कानाने.

आधीची इंडिका डिझेल, २००८ पासिंग. आवाज असा की मी कोपऱ्यावर वळलो की घरात चहाचं आधण चढायचं. मागचं सीट पाडून पाच एचपीची मोटार पंपासकट आत टाकली तरी तिने कधी तक्रार केली नाही. २०२३ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पाच हजार फी आणि वर ग्रीन टॅक्स भरून रीपासिंग केलं, म्हणजे कागदावर ती २०२८ पर्यंत धडधाकट होती. पण टाटांनी इंडिका २०१८ लाच बंद केली. साध्या दरवाजाच्या कडीसाठी नांदेडच्या भंगारात दोन चकरा झाल्या. आणि मुख्य म्हणजे आमच्या मंडळींचे गुडघे. इंडिकात खाली बसावं लागतं आणि वर उठून निघावं लागतं. "मला ह्या गाडीतून काढायला दोन माणसं लागतात," असं तिने तुळजापूरच्या पार्किंगमध्ये चार लोकांदेखत ऐकवलं. तिथं विषय मिटला.

नवीन का नाही घेतली, हे सगळे विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वॅगनआरचं सगळ्यात खालचं मॉडेल शोरूमच्या भावात पाच लाखांच्या आत आलं, हे खरं. पण पासिंग, विमा धरला की आकडा वर सरकतो. आणि तोच सप्टेंबर आमच्याकडे कसा गेला ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्यात गेलं, सोयाबीनवर अवलंबून असलेली माझी उधारीही पाण्यात गेली. चार लाखांच्या वर जायचं नाही आणि हप्ता लावून घ्यायचा नाही, एवढं ठरवून निघालो.

आता माझं एक वेड सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या धंद्यात मोटार एकाच अवस्थेत तपासून पास करत नाहीत. मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन मोजायचं मीटर, गार मोटारीला लावला तर आकडा झकास येतो. तीच तासभर चालवून तापवा, आकडा खाली येतो आणि कच्ची जागा उघडी पडते. गाडीच्या इंजिनाचं बरंचसं उलटं आहे. ते गार असताना बोलतं. रात्रभर उभं राहिलं की ऑइल खाली चेंबरात उतरतं. व्हॉल्व्हचे सील कडक झाले असतील तर थोडं सिलिंडरात झिरपतं आणि सकाळच्या पहिल्या सेल्फला मागून निळा धूर येतो. मिनिटभरात धूर जातो, मग दिवसभर पत्ता लागत नाही. टायमिंग चेन ढिली असेल तर ऑइल वर चढेपर्यंत दोन-तीन सेकंद खडखडते. बॅटरी थकलेली असेल तर सेल्फ कण्हतो. म्हणून मला गाडी आधी गार बघायची असते आणि मग तापवून बघायची असते.

पहिला डीलर लातूरचा, रिंग रोडला. नाव लिहीत नाही. फोनवर सांगितलं होतं, अकराला येतो, तोवर गाडी चालू करू नका. पोचलो तर बोनेटवर हात ठेववत नव्हता. "आत्ताच धुऊन आणली काका, तुमच्यासाठीच." बरं म्हणालो. मीटरवर अडतीस हजार. पण क्लचच्या पेडलचं रबर एका कडेला घासून गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हरचं सीट डाव्या अंगाला बसलेलं आणि चारी टायर नवे. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. गाडी २०१८ ची, टायर २०२४ चे. अडतीस हजारांत चारी टायर बदलायची पाळी येत नाही. नंबर टिपून घेतला आणि ओळखीच्या मेकॅनिककडून सर्व्हिसिंगची नोंद काढली, तर दोन वर्षांपूर्वीच एकाहत्तर हजारांवर ऑइल बदललेलं. डीलरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मग वीस हजार कमी करा." जणू किलोमीटर परत आणून देणार होता.

दुसरी गाडी नांदेडकडची, स्विफ्ट डिझेल. अॅव्हरेजच्या मोहाने गेलो होतो, हे कबूल करतो. भाव ऐकून आधी वाटलं की लॉटरी लागली. आत बसलो तर अत्तराचा असा भपका की कुणाच्या तरी वरातीत आलोय. पोरगा म्हणाला, "बाबा, वास काय झाकायलाय हे?" मी ड्रायव्हरचा बेल्ट धरला आणि ओढत गेलो. नेहमी आपण ओढतो तेवढा नाही, शेवटपर्यंत, आतला गुंडाळा संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट रेघ होती आणि तिच्याखाली गाळ सुकून पट्टा पापडासारखा कडक झालेला. सीटखाली हात घातला तर बोल्टांवर ताजा गंज. डॅशबोर्ड आरशासारखा चमकत होता. मालक म्हणाला, "पावसाळ्यात काच उघडी राहिली होती." काचेतून आलेलं पाणी बेल्टच्या गुंडाळ्यात चढत नाही. पाण्यात बुडालेली मोटार मी रोज उघडतो, तो वास अत्तराने जात नाही. लगेच दिसत नाही, पण वायरिंगच्या जोडात ओल बसली की सहा महिन्यांनी हिरवं चढतं आणि मग हॉर्न वाजवला की वायपर फिरतो. त्या सप्टेंबरनंतर आपल्या भागात जुनी गाडी घेणाऱ्याने दुसरं काही नाही बघितलं तरी चालेल, बेल्ट तेवढा शेवटपर्यंत ओढावा.

मोबाइलवरून गाड्या विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचंही बघितलं. फोटो सुंदर, तपासणीचा अहवाल लांबलचक, भाव ठरलेला. गाडी संभाजीनगरला. गार इंजिन ऐकायला मिळेल का विचारलं तर फोनवरच्या मुलीने मला दोनदा "सर, एसी गार करतो" असं सांगितलं. सोडून दिलं.

चौथा नंबर साडूने दिला. लातुरात खाडगाव रोडला राहणारे एक निवृत्त ग्रंथपाल, मुलगा पुण्याला, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी चालवणं बंद. मी फोनवर तेच पालुपद लावलं, गाडी गार पाहिजे. तिकडून उत्तर आलं, "मग सकाळी सहाला या. मी रात्री किल्ली बाजूला ठेवतो, कुणी हात लावणार नाही." मी साडूकडे मुक्काम टाकला.

सकाळी सहाला सर स्वेटर घालून गेटवर उभे. मी आधी बोनेटवर तळहात ठेवला. दवाने ओला झाला. बोनेट उघडून डिपस्टिक काढली, ऑइल मधाच्या रंगाच्या पुढं गेलेलं पण काळंभोर नाही. पोराला मागे सायलेन्सरजवळ उभं केलं, रुमाल घेऊन. सरांना म्हणालो, तुम्हीच सेल्फ मारा. एका झटक्यात सुरू. मी पुढे कान लावून उभा. पहिलं सेकंद किंचित जड आवाज, मग आरपीएम वर गेला आणि आवाज एकसारखा झाला. चेन गप्प. मागून पोरगा ओरडला, "काही नाही, पाणीच पडायलंय." गार सायलेन्सरातून पाण्याचे थेंब पडणं चांगलंच असतं. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर सैल करून बघितलं, झाकण नाचलं नाही, आतून धूर फेकला नाही. सर शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, माझ्या डोळ्याच्या डॉक्टरने एवढं बघितलं नव्हतं."

मग तापवली. औसा रोडने पुढं जाऊन परत, पंचवीस-तीस किलोमीटर. उभ्या गाडीत एसी लावून रेडिएटरचा फॅन सुरू होईपर्यंत थांबलो, गाडी हद्दीबाहेर तापली नाही. मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडला तर गाडी डावीकडे जरा ओढत होती, ते अलाइनमेंटचं निघालं. २०१९ ची वॅगनआर व्हीएक्सआय, १.२ लिटर, चार सिलिंडरची. एक लिटरवाल्या तीन सिलिंडरच्या गाड्या मी दोन बघितल्या होत्या, उभ्या असताना त्यांचा थरथराट स्टिअरिंगपर्यंत येतो. मला दिवसभर तेच ऐकायचं असतं, घरी परत तेच नको. मीटरवर बेचाळीस हजार, टायरवर ३४१९, म्हणजे गाडीबरोबर आलेले, चारी सारखे आणि संपत आलेले. असे जुने टायर बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा नवे बघून झाला नव्हता.

सरांनी तीन ऐंशी सांगितले. मी टायरचा खर्च पुढे केला, नव्या गाड्यांचा उतरलेला भाव पुढे केला. तीन बासष्टवर आलो. मग चहा, मग उप्पीट, मग त्यांच्या मुलाशी व्हिडिओ कॉल. लगेच इसार दिला नाही, कारण अॅपवर आरसीला बँकेचा बोजा दिसत होता. सर म्हणाले, हप्ते केव्हाच फिटले. फिटलेच होते, पण आरसीवरून बँकेचं नाव उतरवायचं राहून गेलेलं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ ह्यात अकरा दिवस गेले. नंतर गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, सह्या. विमाही नावावर करावा लागतो, चौदा दिवसांत, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, जुन्या मालकाबरोबरच जातो. त्याचा फरक मला भरावा लागला, हे आधी हिशेबात धरलं नव्हतं. एजंटाने ह्या सगळ्याला जेवढे मागितले तेवढ्यात माझे दोन टायर आले असते, म्हणून मीच आरटीओच्या चकरा मारल्या. दुकान दोन दिवस बंद राहिलं ते धरलं तर एजंटच स्वस्त होता.

तीन महिने झाले. गाडीबद्दल बोलायचं तर मंडळी खुश. दार उघडलं की खुर्चीवर टेकावं तसं टेकायचं, बास. डिक्कीही माझ्या कामाची, मागचं सीट पाडलं की पाणबुडी मोटार तिरकी न करता जाते. अहमदपूर ते लातूर शिरूर ताजबंद, चाकूर करत एसी लावून अठरा-साडेअठराचं अॅव्हरेज पडतं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्याच्या आधीच्या काळातली, त्यामुळे रबराच्या नळ्यांवर माझं लक्ष आहे, अजून तरी काही नाही.

जे आवडलं नाही तेही लिहितो. पत्रा पातळ आहे. इंडिकाचं दार लावलं की तिजोरी लावल्यासारखं वाटायचं, हिचं लावलं की डबा. उंच असल्यामुळे हायवेवर ट्रक शेजारून गेला की अंग हलवते, ऐंशी-नव्वदच्या पुढे मी जात नाही. गाड्या ठोकून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगनआरला मोठ्या माणसांसाठी पाचपैकी एकच तारा मिळालेला आहे. हे मला घेण्याआधी माहीत होतं आणि तरीही घेतली. पोरगा ह्यावर अजून बोलतो. त्याचं चुकत नाही. टाकी ३२ लिटरचीच, डिझेलच्या सवयीच्या माणसाला सारखं पंपावर गेल्यासारखं वाटतं. हेडलाइट मिणमिणते आहेत, किनगावकडून रात्री येताना रस्त्याकडेला उभी उसाची ट्रॉली फार जवळ गेल्यावर दिसते. ते बल्ब बदलणार आहे.

इंडिका अठ्ठावन्न हजारांना गेली. भाजीचा धंदा करणारा एक पोरगा आला होता बघायला, दुपारी. तो यायच्या आधी आमच्या चिरंजीवांनी गाडी चालू करून चांगली पंधरा मिनिटं तापवली. मला दुकानात आवाज येत होता. मी उठलो नाही. त्या पोराने बोनेटला हातही लावला नाही, टायरला लाथ मारली आणि पैसे मोजले. पैसे घेताना मात्र राहवलं नाही, सांगितलं की दोन नंबरच्या सिलिंडरचा हिटर प्लग, सेल्फच्या आधी इंजिन आतून तापवणारा, कमजोर आहे, थंडीत त्रास देईल. तो हो हो म्हणाला.

जानेवारीत पहाटे पाचला त्याचा फोन. मोंढ्यात जायचं होतं, गाडीत मेथी भरलेली. "काका, चालू होईनाय." त्याला म्हणालो, सेल्फ मारू नको. किल्ली अर्धीच फिरव आणि समोर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागेल, तो विझेपर्यंत थांब. मग परत बंद कर, परत अर्धी फिरव, परत थांब. आता मार. फोनमधून तिचा आवाज आला. इकडे मंडळींनी कुशीवर वळून विचारलं, "कुठं निघालाव एवढ्या पहाटे?"