मऊ सीट की घट्ट सीट? आधी पुढे घसरणं तपासा

दोन गाड्यांमध्ये मन अडकलंय, इंजिन, मायलेज, डिकी यांचा हिशोब करून झालाय, आणि आता प्रश्न उरलाय तो सीटचा. एकीची सीट मऊ, रुंद, जवळजवळ सपाट. दुसरीची घट्ट, कडांना बोल्स्टर म्हणजे अंग धरून ठेवणारे फुगीर काठ, आणि बैठक पुढच्या बाजूला थोडी चढत गेलेली. शोरूममध्ये पाच मिनिटं बसून पाहिलं तर बहुतेकांना पहिलीच आवडते. लांबच्या प्रवासासाठी मी दुसरी निवडली. ही निवड सगळ्यांना मानवेलच असं नाही, म्हणून कारणांसकट मांडतो.

मऊ सीटचं पहिलं सुख खरं असतं. फोम शरीराच्या आकाराप्रमाणे दबतो आणि वजन मोठ्या भागावर पसरतं. अडचण पुढे येते. बसल्यावर सगळ्यात जास्त भार दोन बैठकीच्या हाडांखाली येतो, आणि तिथला मऊ फोम दबत दबत जवळजवळ तळाला टेकतो. मग हाडांखाली कडकपणा लागतो आणि बाजूचा फोम मांड्यांना रेटत राहतो. वजनदार चालकाला हे लवकर जाणवतं. हलक्या अंगाच्या माणसाचं उलटं होतं: घट्ट फोम त्याच्या वजनाने पुरेसा दबत नाही, तो सीटच्या आत न बसता वर ठेवल्यासारखा राहतो आणि लंबर सपोर्टचा (कमरेला आधार देणारा) उंचवटा पाठीत गाठीसारखा टोचतो. त्यामुळे सीट चांगली की वाईट हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नका, त्याचं वजन तुमच्याएवढं असल्याशिवाय तर नाहीच.

खराब रस्त्यावर मऊ सीट हादरे कमी करते हा समजही अर्धाच बरोबर आहे. बारीक थरथर ती शोषते, पण फोमची सीट साधारण ४ हर्ट्झच्या (सेकंदाला चार वेळा) आसपासचे हेलकावे उलट वाढवते, आणि माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना ४ ते ८ हर्ट्झमध्येच सर्वाधिक संवेदनशील असतं. लागोपाठ उंचवटे आले की मऊ सीटवर अंग डुलत राहतं ते यामुळे.

माझ्यासाठी मात्र निर्णय या कशावरच झाला नाही. तो झाला पुढे घसरण्यावर.

कंबर थोडी मागे रेलून बसणं पाठीला बरं, हे जुनं ज्ञान आहे. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मणक्यांमधल्या चकतीतला दाब प्रत्यक्ष मोजला. पाठ मागे रेलवली आणि कमरेला आधार दिला की तो कमी होतो असं त्यात दिसलं. म्हणून पाठ आणि मांडी यांच्यात १०० ते ११० अंशांचा कोन ठेवायला सांगतात. पण सीटची पाठ जितकी रेलते तितकी ती कमरेला पुढे ढकलते. त्या ढकलण्याला अडवणाऱ्या गोष्टी दोनच: बैठकीचा चढ आणि कापडाचं घर्षण. बैठकीला साधारण १० ते १५ अंशांचा चढ असेल तर कंबर मागच्या कोपऱ्यात टिकते. सपाट बैठक, त्यावर गुळगुळीत लेदरेट (कृत्रिम चामडं) आणि हाडांखाली खचणारा फोम असेल तर प्रत्येक ब्रेकबरोबर कंबर थोडी पुढे सरकते. पाऊण तासाने कमरेमागे पोकळी तयार होते, पाठीचा कणा कमानीसारखा वाकतो आणि भार माकडहाडाकडे जातो. मग दर दहा मिनिटांनी पायाने रेटून स्वतःला मागे घ्यायचं. हा त्रास मला कुठल्याही टोचणाऱ्या बोल्स्टरपेक्षा जास्त वाटतो, कारण तो लंबर सपोर्टचा सगळा उपयोगच घालवतो. शिवाय कंबर पुढे सरकली की पट्ट्याचा खालचा भाग ओटीच्या हाडावरून निसटून पोटावर चढतो, आणि टक्कर झाली तर पोटाला इजा होऊ शकते.

हे तपासायला मोजमापं नकोत. मागच्या खिशातलं पाकीट काढा, बूड पूर्ण मागे रेटून बसा, पट्टा लावा आणि चाचणीच्या फेरीत किमान २० मिनिटं गाडी चालवा. काही वेळा नेहमीपेक्षा थोडा ठसठशीत ब्रेक लावा. गाडी थांबवून जागेवरून न हलता तळहात कमरेमागे सरकवून पाहा. हात अडकत अडकत जात असेल तर ठीक. मूठ मावत असेल तर तुम्ही घसरला आहात.

इथे उंचीच्या लिव्हरकडेही लक्ष द्या, कारण बरेच जण इथे फसतात. काही गाड्यांत लिव्हर ओढली की अख्खी बैठक वर येते. काहींत मुख्यतः मागची बाजूच उचलली जाते, म्हणजे उंची वाढवताना असलेला चढही संपतो. बुटक्या चालकाला रस्ता दिसावा म्हणून सीट वर घ्यावीच लागते, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त घसरतो. दार उघडून बाहेरून बघा: कुणाला तरी लिव्हर चालवायला सांगा आणि पुढची कडा हलते का ते पाहा. पुढच्या कडेला वेगळी उचल असेल तर मऊ सीटवरचा माझा अर्धा आक्षेप गळून पडतो.

उंच चालकाची तक्रार वेगळी. त्याच्या मांडीचा पुढचा तिसरा हिस्सा अधांतरी राहतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय थकतो. बैठकीची कडा आणि गुडघ्यामागचा खळगा यांच्यात दोन-तीन बोटांचं अंतर योग्य. त्याहून बरंच जास्त असेल तर बैठक आखूड आहे. अंतरच नसेल, कडा पोटरीला टेकत असेल, तर बैठक लांब आहे आणि बुटका चालक आपोआप सीटची पाठ सोडून पुढे येईल. क्लचची गाडी असेल तर हे क्लच तळापर्यंत दाबून तपासा, गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे.

मऊ सपाट सीटची बाजू भक्कम आहे ती चढण्या-उतरण्यात. गुडघेदुखी असलेल्यांना, ज्येष्ठांना आणि दिवसभरात पंधरा-वीस वेळा गाडीतून उतरणाऱ्यांना उंच बोल्स्टर अडथळाच वाटतो. दर वेळी मांडी त्याच्यावरून घासत जाते. रुंद मांड्यांच्या माणसाला अरुंद बोल्स्टर दोन्हीकडून आवळतात, त्यावर इलाज नाही. तुमचा रोजचा प्रवास अर्ध्या तासाच्या आतला असेल तर घसरण्याचा त्रास सुरू होण्याआधीच तुम्ही पोचता. अशांनी मऊ सीट घेतली तर मी चुकीचं म्हणणार नाही.

कापडी की लेदरेट, या वादात मी कापडाकडे झुकतो आणि कारण पुन्हा घर्षण हेच. उकाड्यात छिद्रांची, पंखा असलेली सीट सुखाची असते यात शंका नाही, फक्त तिच्यावर जाड कव्हर चढवू नका, हवा कव्हरखालीच अडते.

मऊ सीट आधीच घेतली असेल तर थोडं सुधारता येतं. टॉवेलची साधारण ७-८ सेंटिमीटर जाडीची गुंडाळी करून पँटच्या पट्ट्याच्या रेषेच्या किंचित वर, कमरेच्या खोलगट भागात बांधून ठेवा. सीटची पाठ एक-दोन खाचा सरळ करा. ढकल कमी होते. मग स्टिअरिंग जवळ ओढा: खांदे सीटच्या पाठीला टेकलेले असताना मनगट चाकाच्या माथ्यावर पोचलं पाहिजे, आणि छाती व चाकाचा मध्य यांच्यात किमान २५ सेंटिमीटर राहिले पाहिजेत. बैठकीवर जाड उशी टाकणं टाळा. ती स्वतःच घसरते आणि पट्टा ढिला पडतो. सीटच्या पुढच्या बोल्टखाली वॉशर घालून चढ वाढवण्याचा उपाय कुणी सुचवला तर नको म्हणा. टकरीत सीट धरून ठेवणारे बोल्ट तेच. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर त्या जागी मोकळी शिवण ठेवलेलंच कव्हर घ्या.

वापरलेली गाडी बघत असाल तर चालकाच्या आणि शेजारच्या सीटवर आळीपाळीने गुडघा टेकवून भार द्या. चालकाची सीट ठळकपणे जास्त खचत असेल, दाराकडचा बोल्स्टर लुळा पडला असेल, तर मूळची घट्ट सीटही आता मऊ सीटसारखीच घसरवणार. नवी घट्ट सीट थोडी जास्त कडक वाटली तर मात्र लगेच नाकारू नका, काही महिन्यांच्या वापराने फोम किंचित सैलावतो.