मापं आणल्याशिवाय सामान न देणारं दुकान

बेसिनखालचा पाईप बदलायचा होता, पण पहिल्या दिवशी प्लंबिंगच्या सामानाच्या या दुकानातून मी रिकाम्या हाताने परतले. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "भिंतीतल्या पाईपचं तोंड केवढं? जमिनीपासून किती उंच?" मला कुठलं माहीत! "मग मोजून या ताई. बेसिनचा आतून-खालून फोटोही काढून आणा." नाशिकच्या रविवार कारंजापाशी गाडी लावायला वीस मिनिटं घालवून आलेलीला हे ऐकवायचं म्हणजे कमाल झाली. तरी गेले परत.

आमचं सिडकोतलं घर जुनं. नवं बेसिन आधीच्यापेक्षा खोल निघालं. ते बसवणाऱ्या प्लंबरने (कोण ते जाऊ दे) घड्याघड्यांचा पांढरा वेस्ट पाईप (बेसिनचं पाणी बाहेर नेणारा) लावला होता. बूड खाली आल्यामुळे तो आधी लोंबायचा नि मग भिंतीकडे वर चढायचा. घड्यांत केस अडकून गाळ साचायचा. शिवाय भिंतीतला पाईप 40 एमएमचा, हा 32चा. मधल्या फटीत चक्क फडकं कोंबून वर एम-सील थापलेलं. पंधरा दिवसांत नाक दाबून दात घासायची पाळी आली. रात्री झुरळं, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी काकांनी फोटो मोठा करून पाहिला. "याला ओव्हरफ्लोचं, म्हणजे जास्त भरलेलं पाणी उतरायचं भोक आहे. कपलिंग फुल थ्रेड, बिनखाचेचं लावलंय होय?" त्यांनी बाजूला खाच असलेलं हाफ थ्रेड वेस्ट कपलिंग (बेसिनच्या तळाच्या भोकात बसतं ते) काढलं. खाच नसेल तर त्या भोकातून उतरलेल्या पाण्याला पुढे वाटच नसते. मला पितळी बॉटल ट्रॅप (बेसिनखाली बसणारं, पाणी धरून ठेवणारं बाटलीसारखं भांडं) हवा होता, "बेसिनखाली कोण बघायला येतंय?" म्हणत त्यांनी प्लास्टिकचा हातात ठेवला. तो तिथेच उघडून दाखवला. आतली नळी बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या खाली दोन इंच तरी पाण्यात बुडलेली हवी, ते पाणीच गटाराचा वास अडवतं. पण तळाला टेकली की बेसिन तुंबलंच. माझ्या मापावरून त्यांनी नळीवर पेन्सिलची खूण करून दिली. भिंतीतल्या तोंडासाठी 40 बाय 32चं काळं रबर दिलं आणि बजावलं, "साबणाचं पाणी लावून बसवा. वॉशर असेल तिथे टेफलॉनची पट्टी गुंडाळू नका."

रविवारी ह्यांनी हॅक्सॉने खुणेवर नळी कापली, मी टॉर्च धरला. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडलं. एका नटाशी थेंब दिसला, हाताने जरा आवळल्यावर थांबला. चार महिने झाले, खाली ठेवलेली वाटी कोरडी आहे.

चार तारे. पाचवा कापला, कारण संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरांची माणसं आली की आपण नुसतं उभं राहायचं. सकाळी जा.