हिरवळ, रस्ता की संग्रहालय? दुर्मीळ अभिजात मोटारी ओळखण्यासाठी आणि टिपण्यासाठी कोठे जावे

दुर्मीळ अभिजात मोटारी ओळखण्याचा आणि त्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद गांभीर्याने करू इच्छिणाऱ्यासमोर तीन ठिकाणे असतात: काँकूर म्हणजे हिरवळीवर भरणारी सौंदर्यस्पर्धा, रस्त्यावरची ऐतिहासिक रॅली आणि मोटारींचे संग्रहालय. तिन्हींसाठी वेळ आणि पैसा क्वचितच पुरतो, म्हणून कोणत्या ठिकाणी काय हाती लागते हे आधी पाहून घ्यावे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. गाडीची नेमकी ओळख पटवणे हा मुख्य हेतू असेल तर हिरवळीला तोड नाही, जिवंत चित्र हवे असेल तर रस्ता श्रेष्ठ, आणि संग्रहालय या दोन्ही बाबतींत मागे असले तरी नजर तयार करण्यासाठी नवख्याने तेथूनच सुरुवात करावी.

ओळख पटवणे म्हणजे काय, हे स्पष्ट असल्याशिवाय ही तुलना करता येत नाही. केवळ आकारावरून नाव सांगणे पुरेसे नसते. फेरारी 250 जीटीओ 1962 ते 1964 या काळात अवघ्या 36 बनल्या, परंतु त्याच कारखान्याच्या त्याच काळातील अधिक साध्या 250 जीटीई गाड्यांच्या चॅसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, जीटीओसारखी बॉडी चढवून केलेल्या प्रतिकृतीही अस्तित्वात आहेत, आणि चांगल्या कारागिराने केलेली प्रतिकृती दहा पावलांवरून जाणकारालाही चकवू शकते. आज परिचित असलेला अक्षरे व अंक मिळून 17 चिन्हांचा वाहन ओळख क्रमांक अमेरिकेत 1981 पासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कारखान्याची क्रमांक देण्याची पद्धत वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आलिशान गाड्यांचा गुंता याहून मोठा आहे, कारण रोल्स-रॉइससारखा कारखाना केवळ चॅसिस आणि इंजिन देत असे व बॉडी ग्राहकाच्या पसंतीचा कोचबिल्डर, म्हणजे बॉडी बांधणारा स्वतंत्र कारागीर, बनवत असे. बॉडी पुढे बदललीही जाई. बुगाटीच्या रोयाल या मॉडेलच्या 41111 क्रमांकाच्या चॅसिसवर प्रथम आर्माँ एस्देर या ग्राहकासाठी हेडलॅम्प नसलेली दोन आसनी उघडी बॉडी होती, आणि नंतर ती काढून तेथे बिंदेर या कोचबिल्डरची कूपे बॉडी बसवण्यात आली. अशा गाडीच्या बाबतीत चॅसिसचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि कोचबिल्डरची पाटी या तीन गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.

या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पाहायला मिळण्याची शक्यता हिरवळीवर सर्वाधिक असते. परीक्षणाच्या वेळी बॉनेट उघडलेले असते, दारे उघडली जातात, दाराच्या उंबऱ्यावरील कोचबिल्डरची छोटी पाटी दिसते, आणि गाडीचा इतिहास ज्याला तोंडपाठ आहे असा मालक किंवा जीर्णोद्धार करणारा कारागीर शेजारीच उभा असतो. योग्य प्रश्न विचारणाऱ्याला ही माणसे मनापासून उत्तरे देतात. जग्वार ई-टाइपचे उदाहरण घ्या. 1961 च्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांचे बॉनेट बाहेरून, टी आकाराच्या किल्लीने उघडावे लागे. त्यासाठीची क्रोमची छोटी चकती पुढच्या चाकामागे बॉडीच्या बाजूला दिसते. नंतरच्या गाड्यांत बॉनेट उघडण्याची कडी आत, पायांजवळ गेली आणि चकती नाहीशी झाली. हेडलॅम्पवरील काचेचे आवरण 1967 मध्ये गेले, तर दुसऱ्या मालिकेत मागचे दिवे बंपरच्या खाली आले. हिरवळीवर गुडघ्यावर बसून ही चकती जवळून टिपता येते आणि तिच्या कडेचा रंग व जोड पाहून ती मूळची आहे की नंतर बसवलेली, याचा अंदाजही बांधता येतो. रस्त्यावर तीच गाडी डोळ्यांसमोरून दोन सेकंदांत निघून जाते. आवरण आणि दिवे दिसतील, चकतीची खात्री देता येणार नाही. संग्रहालयात वेळ हवा तेवढा असतो, परंतु बॉनेट बहुधा बंद, गाडीभोवती दोर, आणि पाहण्याची बाजू व्यवस्थापनाने ठरवलेली.

हिरवळीची एक उणीव मात्र जाणून असावे. तेथे मांडलेल्या अनेक गाड्यांचा जीर्णोद्धार इतका काटेकोर झालेला असतो की त्या कारखान्यातून निघाल्या तेव्हाही एवढ्या निर्दोष नसतील. नव्या रंगाखाली जुन्या वेल्डिंगच्या, दुरुस्तीच्या आणि वापराच्या खुणा पुसल्या जातात, आणि ओळखीसाठी याच खुणा अनमोल असतात. अशा वेळी सुट्या भागांकडे वळावे. ब्रिटिश गाड्यांवरील लुकास कंपनीच्या अनेक विद्युत भागांवर निर्मितीचा महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ते चॅसिसच्या वर्षाशी जुळत नसेल तर तो भाग नंतर बदललेला आहे हे लगेच कळते. म्हणून मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग जेथे असतो, त्या वर्गापाशी मी इतर सर्व वर्गांपेक्षा अधिक वेळ देईन.

प्रकाशाच्या बाबतीत तुलना वेगळे वळण घेते. कॅलिफोर्नियातील पेबल बीचचे काँकूर 1950 पासून भरते आणि तेथे गाड्या पहाटेच हिरवळीवर येऊ लागतात. ही पहाटेची वेळ चुकवू नये, कारण दहा वाजेपर्यंत प्रत्येक गाडीभोवती गर्दी जमते आणि क्रोमच्या प्रत्येक वळणात माणसे दिसू लागतात. शिवाय फिकट रंगाच्या गाडीच्या खालच्या भागावर गवताची हिरवी झाक उतरते, आणि ती नंतर संगणकावर काढताना मूळ रंग बिघडतो. पोलरायझर फिल्टरने काच आणि रंगावरचे प्रतिबिंब बरेच कमी होते, पण क्रोमसारख्या धातूच्या पृष्ठभागावर त्याचा जवळजवळ उपयोग होत नाही. तेथे स्वतःची जागा बदलणे हाच उपाय.

संग्रहालयातील प्रकाश दिवसभर सारखा राहतो, तरी तो छायाचित्रकारासाठी योजलेला नसतो. फ्रान्समधील म्युलूझ येथे श्लुम्प्फ बंधूंनी जमवलेल्या संग्रहात शंभरहून अधिक बुगाटी आहेत, आणि दालनात पॅरिसच्या अलेक्झांडर तिसरा पुलावरील दिव्यांच्या नमुन्यावर केलेले शेकडो दीपस्तंभ आहेत. दालन देखणे आहे, पण त्यातील प्रत्येक दिवा गडद रंगाच्या बॉडीवर ठिपक्यासारखा उमटतो. ट्रायपॉडला बहुतेक संग्रहालयांत परवानगी नसते, त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवून बारीक तपशीलच तेवढे टिपावेत. ओळखीच्या अभ्यासासाठी मात्र हे ठिकाण अद्वितीय आहे: दोन अस्सल रोयालबरोबरच तेथे एस्देर यांच्या त्या उघड्या गाडीची नव्याने घडवलेली प्रतिकृतीही आहे, आणि अस्सल व पुनर्निर्मित यांतील फरक एकाच छताखाली तपासण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

चित्र म्हणून रस्ता या दोघांच्या पुष्कळ पुढे आहे. स्थिर गाडीत जे कधीच दिसत नाही, ते तेथे दिसते: वळणावर झुकणारी बॉडी, चालकाचे हात, गियर बदलताना निघणारा धूर. इटलीतील मिल्ले मिल्या ही मूळ शर्यत 1927 ते 1957 या काळात ब्रेशा ते रोम आणि परत अशी होत असे, आणि आजच्या ऐतिहासिक रॅलीत त्या शर्यतींत उतरलेल्या मॉडेलांनाच स्थान असते. त्यामुळे कोणत्या गाड्या दिसू शकतात हे आधीच ठाऊक असते. लंडन ते ब्रायटन दौडीत 1905 पूर्वी बनलेल्या गाड्याच धावतात. तंत्राचा विचार करता, शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश येऊ देण्याचा काळ, सेकंदाचा हजारावा भाग एवढा ठेवला तर चाकांचे स्पोक गोठतात आणि धावती गाडी उभी असल्यासारखी दिसते. साठाव्या भागाच्या आसपास शटर स्पीड ठेवून गाडीसोबत कॅमेरा फिरवला तर चाके फिरताना दिसतात आणि पार्श्वभूमी विरघळते. 1905 पूर्वीच्या संथ गाड्यांसाठी तो तिसाव्या भागापर्यंत खाली आणावा. यात बहुतेक चित्रे वाया जातात, हे गृहीत धरूनच उभे राहावे. चढाच्या वळणाची जागा निवडावी, कारण तेथे वेग कमी होतो आणि गाडीचा पुढचा व बाजूचा भाग एकाच चौकटीत मिळतो.

लेन्सच्या निवडीतही ठिकाणानुसार फरक पडतो. हिरवळीवर आणि संग्रहालयात जागा अपुरी म्हणून रुंद लेन्स लावण्याचा मोह होतो, पण जवळून काढलेल्या चित्रात पुढचे मडगार्ड फुगते, मागचा भाग आखडतो आणि कोचबिल्डरने साधलेले प्रमाण बिघडते. ओळखीसाठी वापरायच्या चित्रात हा दोष गंभीर आहे. शक्य तितके मागे सरकून 85 मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सने संपूर्ण बाजू घ्यावी, आणि तपशिलांसाठी जवळून फोकस होणारी लेन्स वेगळी ठेवावी. रस्त्यावर 70 ते 200 मिलिमीटरची एकच झूम लेन्स पुरते.

वर्षातून एकाच कार्यक्रमाला जाणे शक्य असेल, तर मी हिरवळीची पहाट निवडेन. रॅलीचे हुकलेले चित्र पुढील वर्षी दुसऱ्या वळणावर मिळू शकते, पण उघडे बॉनेट आणि बोलायला तयार असलेला मालक पुन्हा केव्हा भेटेल हे सांगता येत नाही. ज्याला ओळखीत विशेष रस नाही आणि भिंतीवर लावण्याजोगे एकच चित्र हवे आहे, त्याने निःशंकपणे रस्ता धरावा. कोणत्याही ठिकाणी टिपलेला चॅसिस क्रमांक मात्र स्वतःच्या नोंदीपुरताच ठेवावा आणि मालकाच्या संमतीशिवाय तो चित्रासह प्रसिद्ध करू नये, कारण स्पष्ट दिसणारी पाटी ही बनावट पाटी करणाऱ्याला आयता नमुना पुरवते.