सावलीतल्या बागेसाठी देशी फुलझाडं हवी असतील तर इथे जा, पण हातात वेळ ठेवून जा

ह्या नर्सरीत मी गेल्या दोन वर्षांत सहा वेळा जाऊन आले आणि दर वेळी घरी आल्यावर ठरवलं की आता सविस्तर लिहायचं, ते राहूनच जात होतं. परवा समोरच्या काकूंनी विचारलं, अगं तुमच्याकडे उन्हाचा पत्ता नाही तरी एवढी फुलं आणि फुलपाखरं कशी, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकूया, कारण सावलीतली बाग म्हणून रडणारे लोक पुण्यात खूप आहेत आणि आणखी होणार आहेत.

आमचं घर कर्वेनगरला, जुनी सोसायटी, तळमजला. मागच्या बाजूला उत्तरेला पंचवीस फूट बाय आठ फुटांची पट्टी आहे आणि कोपऱ्यात आंबा. आधी तिथे मोगरा, गुलाब सगळं यायचं. मग शेजारच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट झालं, चार मजल्यांच्या जागी अकरा मजले उभे राहिले आणि होतं नव्हतं ते दुपारनंतरचं ऊनही गेलं. मोगऱ्याला नुसती पानं, गुलाब तर एका वर्षात संपले. मधमाश्या दिसेनाशा झाल्या ह्याचं मला जास्त वाईट वाटत होतं, कारण सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचं आणि तो गुणगुण आवाज ऐकायचा ही माझी वीस वर्षांची सवय.

पहिल्यांदा मी ऑनलाईन एक पॅकेट मागवलं होतं, रानफुलांचं मिक्स, वर मधमाशीचं चित्र. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही पण पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात जी नावं होती ती वाचा असं मात्र सगळ्यांना सांगते. कॉसमॉस, झिनिया, कॅलिफोर्निया पॉपी. कॉसमॉस आणि झिनिया मूळचे मेक्सिकोकडचे, पॉपीच्या तर नावातच गाव आहे, आणि तिघांनाही दिवसभर कडक ऊन लागतं. म्हणजे आपल्याकडचं रान नाही आणि माझ्याकडचं ऊनही नाही. रोपं उजेडाच्या ओढीनं लांबुडकी वाढली आणि पहिल्या मोठ्या पावसात आडवी झाली. साडेतीनशे रुपये गेले त्यापेक्षा एक अख्खा पावसाळा गेला ह्याचा राग आला.

मग एका मैत्रिणीनं ही नर्सरी सांगितली. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्यानं जायचं, मेन रोडवरून आत वळल्यावर कच्चा रस्ता आहे, पावसात टू-व्हीलर जपून न्या. बाहेरून बघितलं तर नर्सरी वाटतच नाही. रंगीत कुंड्या नाहीत, कारंजी नाहीत, ओळीनं लावलेले जरबेरा नाहीत, काळ्या पिशव्यांमधली हिरवी रोपं आणि वर आंबा-उंबराची सावली, बास. मी आत गेले आणि म्हटलं मला कारवी पाहिजे. मला कारवी फार आवडते. तिथल्या ताईंनी कारवी काढलीच नाही, मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "ताई, ऊन किती तास येतं?" मी म्हटलं एखाद तास. तर म्हणाल्या, "उन्हाळ्यातलं सांगताय का हिवाळ्यातलं?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही नर्सरीत कुणी विचारला नव्हता आणि सगळं त्यातच आहे. पुणे साधारण साडेअठरा अंशांवर, त्यामुळे जूनमध्ये भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेलाच गेलेला असतो, म्हणजे घराच्या उत्तरेच्या पट्टीला मे ते जुलै थोडं तरी ऊन मिळतं. आणि डिसेंबरात तोच सूर्य बेचाळीस अंश दक्षिणेकडे कललेला असतो, मग बिल्डिंगची सावली पट्टीवर दिवसभर पडून राहते. म्हणजे माझ्याकडे सावली आहे हे अर्धंच खरं, माझ्याकडे पावसाळी झाडांना पुरेल एवढा उजेड आहे आणि हिवाळी फुलांना नाही. ताईंनी मला त्या दिवशी काहीच विकलं नाही. दर दोन तासांनी पट्टीचा फोटो काढा आणि पुढच्या रविवारी या म्हणाल्या. एवढ्या लांब जाऊन रिकाम्या हातानं परत, मी खरंच वैतागले होते, पण फोटो काढले आणि त्यांचं बरोबर होतं. आंब्याखाली दाट सावली, भिंतीलगत मध्यम, आणि पूर्वेच्या टोकाला सकाळी दीड तास चांगलं कोवळं ऊन, ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

कारवीला त्यांनी सरळ नाही म्हटलं. सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते, सह्याद्रीत डोंगरच्या डोंगर एकदम फुलतात तेव्हा मधमाश्यांची दिवाळी असते पण तुमच्या आठ फुटांत दोन झुडपं लावून सहा वर्षं नुसती पानं बघणार का. पटलं. त्याच्याऐवजी जे दिलं ते असं : भिंतीलगत तेरडा आणि अडुळसा, आंब्याखाली रानहळद आणि काळी मुसळी, पूर्वेच्या टोकाला पिवळी कोरांटी आणि अबोली. केना आपोआप उगवेल तो उपटू नका म्हणाल्या. आम्ही तर केना दिसला की उपटायचो, पण ती निळी फुलं पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात तेवढ्या वेळात बारक्या माश्या त्यातला पराग गोळा करून जातात. आणि ह्या केन्याला जमिनीखालीसुद्धा फुलं येतात, न उमलताच बी धरणारी, हे मामांनी (तिथे माळीकाम बघणारे, त्यांना सगळे मामाच म्हणतात) एक रोप मुळासकट उपटून मला दाखवलं.

तेरड्याबद्दल थोडं जास्त लिहिते. तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण सहज म्हणून जातो, एकेक फूल टिकतं तेवढंच, पण झाड ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतच राहतं आणि त्याला ओल आणि सावली दोन्ही चालतात. आमच्याकडे गौरी तेरड्याच्याच असतात, मंडईत जुडी घ्यायला जायचो, गेल्या वर्षी पहिल्यांदा घरातून कापून आणल्या, सासूबाईंना फार बरं वाटलं. फुलाच्या मागे एक बारीक शेपटीसारखी नळी असते, मध त्या नळीत. लांब जिभेच्या माशीलाच तो मिळतो. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टच्या शेवटी एक माशी यायला लागली, पोटावर निळसर चमकदार पट्टे, उडताना आवाज एकदम चढा, एका जागी थांबतच नाही. ती फुलात शिरते आणि बाहेर येते तेव्हा पाठीवर पांढरी भुकटी लागलेली असते, कारण तेरड्याचे पुंकेसर फुलाच्या तोंडाशी वरच्या बाजूला असतात, ती आत शिरली की पाठ घासली जाते आणि पुढच्या फुलात तीच भुकटी पोचते. मी मोबाईलवर व्हिडिओ काढून ताईंना पाठवला, त्यांचा लगेच फोन आला. ही निळ्या पट्ट्यांची माशी पोळं करत नाही, मादी एकेकटी मातीत बीळ करून अंडी घालते, त्यामुळे पट्टीचा थोडा भाग मोकळा ठेवा, फरशी नको, पालापाचोळ्याचा जाड थर नको आणि तिथे खणूही नका. आता आंब्याच्या पलीकडे दोन बाय तीनचा मातीचा तुकडा तसाच ठेवलाय.

सोसायटीत माश्या येतायत म्हणून कुरकुर झाली होती. आग्या मोहोळाची भीती मी समजू शकते, पण ह्या एकट्या राहणाऱ्या माश्यांना राखायला पोळंच नसतं त्यामुळे त्या अंगावर येत नाहीत, हे मी दोन मीटिंगमध्ये सांगितलं आणि आमच्या बाजूला पेस्ट कंट्रोलवाल्यानं फवारायचं नाही एवढं तरी मान्य करून घेतलं.

औषधाचा मुद्दा आलाच आहे तर, ह्या नर्सरीत मी जाते त्याचं मोठं कारण हेच. बाहेर बऱ्याच ठिकाणी रोपं तकतकीत दिसावीत म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक देतात, ते झाडाच्या रसात भिनतं आणि तिथून मधात आणि परागातही उतरतं. म्हणजे आपण मधमाश्यांसाठी म्हणून हौसेनं झाड आणायचं आणि त्यांना विषच वाढायचं. इथल्या रोपांची पानं भोकं पडलेली असतात, पहिल्यांदा बघून घ्यावंसं वाटत नाही. घ्या. अडुळसा, कोरांटी, अबोली, कारवी ही सगळी एकाच कुळातली आणि बऱ्याचशा पॅन्झी फुलपाखरांच्या अळ्या ह्याच कुळातली पानं खातात. माझ्या कोरांटीवर काळ्या काटेरी अळ्या आल्या तेव्हा सासूबाई साबणाचं पाणी घेऊन निघाल्या होत्या, मी मामांना फोन लावून त्यांच्याकडेच दिला. ते म्हणाले, "आजी, पंधरा दिवस दम धरा, पानं परत येतात." पानं आली. आणि चॉकलेट पॅन्झी आता वरचेवर दिसतं, वाळक्या पानाच्या रंगाचं, सावलीतच बसतं, पंख उघडेपर्यंत दिसतच नाही.

रानहळदीबाबत एक सांगायलाच हवं. नोव्हेंबरात सगळी पानं पिवळी पडून झोपली आणि कुंडी रिकामी झाली. मला वाटलं रोप मेलं. बरं झालं आधी विचारलं, कंद खाली झोपलेला असतो, पाणी जवळजवळ बंद करायचं आणि कुंडी हलवायची नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोंब आले आणि जुलैच्या शेवटी पिवळी फुलं, वर गुलाबी-जांभळा तुरा. काळी मुसळी तर पहिल्या पावसानंतर लगेच, जमिनीला टेकूनच चांदणीसारखं पिवळं फूल, वाकून बघावं लागतं. हिवाळ्यात मात्र माझ्याकडे भिस्त फक्त अडुळशावर, पांढऱ्या फुलांच्या ओठावर जांभळ्या रेघा असतात, त्यावर काळे भुंगे येतात. लहानपणी आम्ही ही फुलं ओढून मागून मध चोखायचो.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. एक म्हणजे पिशव्यांवर नावाची चिठ्ठी नसते. सगळं मामांच्या डोक्यात, ते नसले तर दुसरं कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. मला रानतेरडा म्हणून दिलेल्या सहा रोपांपैकी दोन डबल तेरडा निघाली, गुलाबासारखी भरगच्च फुलं. दिसायला छान पण पाकळ्यांच्या गर्दीत माशीला आत शिरायला वाट राहत नाही, महिनाभर बघितलं, त्या दोन झाडांवर एकही थांबली नाही. नेऊन दाखवल्यावर ताईंनी वाद न घालता बदलून दिली, पण माझी खेप पडली ना. दुसरी तक्रार मोठी आहे. एका पिशवीतल्या मातीतून गाजर गवत उगवलं. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यातच नोंदवलं गेलं आणि नंतर देशभर पसरलं, अंगाला लागलं तर खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो, आणि देशी झाडांच्या नर्सरीतून ते माझ्या बागेत यावं हे मला अजिबात आवडलं नाही. तेव्हा इथून काहीही आणलंत तर पंधरा दिवस पिशवी वेगळी ठेवा आणि जे नको ते फुलायच्या आत उपटा. ताईंनी माती चाळायचं मनावर घेतलंय असं गेल्या खेपेला दिसलं, चाळणी लावलेली होती.

भाव रास्त आहेत. तेरडा तीस रुपये, अडुळसा साठ, कोरांटी ऐंशी, रानहळदीचा कंद दीडशेला मिळाला, तो जरा महाग वाटला पण हे लोक डोंगरातून उपटून आणत नाहीत, स्वतःच्या कंदांपासून वाढवतात, त्यासाठी मी दोन पैसे जास्त द्यायला तयार आहे. जिथे टेकडीवरून किंवा पठारावरून उकरून आणलेलं विकतात तिथून कृपा करून घेऊ नका. डिलिव्हरी नाही. यूपीआय चालतं पण तिथे रेंज येते-जाते, सुटे पैसे ठेवा. रविवारी गर्दी असते आणि मग नीट बोलणं होत नाही, मधल्या वारी सकाळी दहाच्या आत गेलात तर मामा स्वतः फिरवून दाखवतात. मेच्या शेवटी जाऊन रोपं घ्या, जुलै उजाडेपर्यंत चांगली रोपं संपलेली असतात.

मी यंदा लवकरच जाणार आहे. त्यांच्याकडचा साधा तेरडा डबलमध्ये मिसळून गेलाय म्हणून ताईंनी माझ्याकडचं बी मागितलंय. बोंडं हात लागला की फटकन फुटतात आणि बी चारी दिशांना उडतं, म्हणून ऑक्टोबरात फिकट पडलेल्या बोंडांना मलमलच्या पिशव्या बांधल्या होत्या. लोणच्याची छोटी बरणी अर्धी भरली आहे.