खडकीच्या नावावर मला विकलेला नगाऱ्याचा पडदा

माझं लहानपण खडकीतलं. आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. ब्रिटिश घोडदळातल्या वाजंत्र्यांचे पोशाख आणि त्यांच्या घोड्यांचे साज हा माझा जिवाचा विषय. घोड्याच्या दोन्ही अंगांना नगारे, त्यांवर भरजरी पडदे, वादकाच्या दोन्ही हातांत टिपऱ्या, म्हणून लगाम रिकिबींना बांधून पायांनी घोडा हाकायचा. असा एक तरी पडदा घरी असावा, असं फार मनात होतं.

दोन वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या बाजारात एका विक्रेत्याने पडदा उलगडला. म्हणाला, दहाव्या हुसार रिसाल्याचा, म्हणजे ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाच्या एका पलटणीचा, हिंदुस्थानात होता तेव्हाचा. हा रिसाला खरोखरच खडकीच्या छावणीत होता आणि तिथून १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर पोचला. खडकीचं नाव ऐकलं आणि मी विरघळलो. पडद्यावर रिसाल्याच्या लढायांची नावं भरलेली होती. मग यावर क्रिमियातल्या लढाईचं 'सेवास्तोपोल' हे नाव कसं, असं विचारलं. 'ते नंतर भरलं.' अशी नावं नंतर भरतही असत, त्यामुळे पटलं. १,१०० पौंड थेट त्याच्या खात्यात भरले.

आई साडी घेतली की पदराचा एक धागा जाळून बघायची. तसा काठाचा धागा काढून जाळला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरते. हा धागा वितळून त्याचा कडक मणी झाला. जुनी जरी काळवंडते, पण हिच्यावर काळपटपणाचा ठिपका नाही, आणि अस्तराला चहाचा वास, म्हणजे जुनं दिसावं म्हणून चहाने रंगवलेलं.

मग पडद्यावर भरलेला मुकुट पाहिला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या असतात. इथे त्या घुमटासारख्या वर उठलेल्या, म्हणजे १९०१ नंतरच्या. आणि सगळ्यांत वर 'वॉरबर्ग'! लढाई १७६० ची, पण ते नाव मिरवायचा मान रिसाल्यांना मिळाला १९०९ मध्ये. घेताना लढाईचं साल बघू नका, मान कधी मिळाला ते बघा. सगळी नावं एकाच धाग्याने, एकाच हातानं भरलेली, त्यामुळे 'नंतर भरलं' ही सबबही टिकेना.

विक्रेत्याचा फोन बंद. बँकेने हात वर केले. इथे १०० ते ३०,००० पौंडांची वस्तू व्यापाऱ्याकडून क्रेडिट कार्डावर घेतली, तर कायद्याने कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. मला ते माहीत होतं, तरी घाई केली.

गेल्या महिन्यात एका मित्राने विकत घेण्याआधी फोटो पाठवला. रिसाला वेगळा, मुकुट तोच. त्याला लगेच फोन केला.