कोळंबीच्या सालीचा स्कॅफोल्ड रक्तात टिकवायचा तर: हेपारिन की पॉलिइथिलीन ग्लायकॉल?

मिरकरवाडा बंदरात कोळंबीच्या सालांचा ढीग पाहिला की रत्नागिरीतल्या बायोटेकच्या विद्यार्थ्याला कायटोसान आठवतंच. सालीतला चुना आम्लाने काढायचा, प्रथिनं अल्कलीने, मग उरलेलं कायटिन तीव्र अल्कलीत तापवायचं, की कायटोसान तयार. त्याचा सच्छिद्र स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना वाढायला परांची, छान होतो. अडचण रक्ताची आहे.

कायटोसानवर धनभार, तांबड्या पेशी आणि प्लेटलेटवर (गुठळी करणाऱ्या रक्तकणिकांवर) ऋणभार. गाठ पडली की गुठळी. जखमेच्या पट्टीत हाच गुण कामाचा. म्हणून स्कॅफोल्ड हाडासाठी किंवा त्वचेसाठी असेल तर पुढचा खटाटोप बहुधा करूच नकोस. पण 6 मिलिमीटरहून अरुंद रक्तवाहिनी करायची असेल तर सुटका नाही. तिथे साध्या कृत्रिम नळ्याही तुंबतात.

पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे कृत्रिम पॉलिमर पाण्याचा थर धरून ठेवतं, त्यामुळे फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते रक्तातलं प्रथिन) चिकटत नाही आणि प्लेटलेटला पाय रोवता येत नाही. स्वस्त आहे, हाताळायला सोपं आहे. पण आपल्याला हव्या त्या पेशीही तिथे चिकटत नाहीत. कॅथेटरला चालेल; स्कॅफोल्डसाठी मला हा दोष मोठा वाटतो.

हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध. ते अँटिथ्रॉम्बिनचं, म्हणजे रक्तातल्या गुठळी रोखणाऱ्या प्रथिनाचं, काम कित्येक पटींनी वाढवतं. त्यावर ऋणभार असल्याने कायटोसान नुसतं बुडवलं तरी ते धरतं, पण वाहत्या रक्तात हळूहळू सुटतं. सहसंयुजी (पक्क्या रासायनिक) बंधाने बांधलं तर टिकतं. मात्र अँटिथ्रॉम्बिन जिथे बसतं तोच भाग बंधात अडकला तर सगळं फुकट. रेणू एका टोकाने बांधणं उत्तम. आणखी एक: बाजारातलं बहुतेक हेपारिन डुकराच्या आतड्यातून येतं. मिरकरवाड्यातले किती तरी रुग्ण याबद्दल विचारतील आणि त्यांना खरं उत्तर मिळायलाच हवं. तेव्हा कायटोसानलाच सल्फेट गट जोडण्याचा मार्गही बघून ठेव. गुण हेपारिनसारखा, जोर सहसा कमी.

एंडोथेलियल पेशींचं, म्हणजे रक्तवाहिनीला आतून असतात त्या पेशींचं, अस्तर सगळ्यांत सरस, कारण ते स्वतः नायट्रिक ऑक्साइड हा प्लेटलेटना आवरणारा वायू सोडतं. पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा इन्क्युबेटरला (पेशी वाढवायच्या उबदार पेटीला) बॅकअप नसेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.

माझं मत टोकाने बांधलेल्या हेपारिनला. फक्त तांबड्या पेशी फुटण्याचं प्रमाण 2 टक्क्यांखाली आलं म्हणून खूश होऊ नकोस. त्यावरून गुठळीचं काहीच कळत नाही. प्लेटलेट किती चिकटतात आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो, हेही मोज. तेही तुकडा नीट धुऊन, आणि धुतलेलं पाणी वेगळं तपासून. नाहीतर सुटून आलेल्या हेपारिनचं श्रेय पृष्ठभागाला देऊन बसशील.