झुनी माळ घ्यावी की हैडा कडं?

दोन्हींवर प्राणी आहेत आणि दोन्ही हाताने केलेली असतात, म्हणून एकाच पारड्यात टाकू नका. झुनी आणि हैडा या दोन मूळनिवासी जमाती, झुनी माळ अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोची, हैडा कडं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैडा ग्वाई बेटांचं.

माळ बघून आधी जीव जडतो तो बारीक कामावर. बोटाच्या पेराएवढे पक्षी, अस्वलं, फिरोजा, जेट (कोळशासारखा काळा दगड), शिंपल्यातून कोरलेली, आणि मधे हेशी म्हणजे शिंपल्याच्या चकत्या घासून केलेले मणी. झुनी लोकांत सहा दिशांना सहा राखणदार प्राणी, उत्तरेला माउंटन लायन (प्यूमा), पश्चिमेला अस्वल, दक्षिणेला बॅजर (बिळात राहणारा प्राणी), पूर्वेला लांडगा, वर गरुड आणि खाली जमिनीत मोल (जमीन उकरणारा छोटा प्राणी), शिवाय प्रत्येक दिशेला रंगही, पश्चिमेचा निळा. म्हणून फिरोजातलं अस्वल दिसलं की मला भारी वाटतं. काही प्राण्यांच्या तोंडापासून छातीकडे बाण जातो, तो त्याच्या श्वासाचा मार्ग. विकायला असतात त्यांच्यावर विधी झालेले नसतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाने घातली तर बिनधास्त घालावी.

हैडा कड्यात प्राणी सपाट चांदीवर कोरलेला, जाड-बारीक होत जाणाऱ्या रेषांत. ओळखायची खूण सोपी, डोमकावळ्याची चोच सरळ, गरुडाची खाली वाकलेली, बीव्हरला दोन मोठे दात आणि जाळीदार शेपूट. पण इथे प्राणी नुसता प्रतीक नाही, तो घराण्याचा असतो. हैडा समाजाचे दोन भाग, डोमकावळा आणि गरुड, आणि माणूस कुठल्या भागातला ते आईकडून ठरतं. 1885 ते 1951 कॅनडा सरकारने पॉटलॅचवर, म्हणजे मेजवानी आणि भेटवस्तू वाटण्याच्या समारंभावर, बंदी घातली होती, त्या काळातही चार्ल्स एडनशॉसारखे हैडा कलाकार चांदीवर हे प्राणी कोरत राहिले, आणि पुढे बिल रीडने तो धागा परत पकडला. त्यामुळे कडं घेताना कोणी कोरलं, कुठल्या घराण्याचं, हे विचाराच. कलाकाराने स्वतः विकायला काढलेलं असेल तर प्रश्न नाही, नाव नसलेलं छापील डिझाइन मात्र मी घेणार नाही.

खरं-खोटं कसं बघायचं? कडं उजेडात तिरकं धरा, हाताने कोरलेली खाच स्वच्छ, चकचकीत आणि कडा धारदार दिसते, ओतीव कामात कडा गोलसर. माळेत सगळे पक्षी हुबेहूब सारखे असतील तर शंका घ्या. पावतीवर कलाकाराचं नाव, जमात आणि दगडाचं नाव लिहून मागा, 'नेटिव्ह स्टाइल' एवढंच लिहिलं असेल तर सोडून द्या. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने मूळनिवासींनी केलेलं असं खोटं सांगून विकणं गुन्हा आहे, दंड अडीच लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आणि खऱ्या गरुडाचं पीस लावलेलं काहीही घेऊ नका, तिथे त्याचा व्यापार बेकायदा आहे.

वापरायचं म्हणाल तर रोज घालायला कडंच. मनगटाच्या बाजूने सरकवून घाला, दर वेळी वाकवलं तर धातूला चीर जाते, म्हणून माप आधीच नीट घ्या. खाचांत काळा रंग असेल तर तो घासून जातो म्हणून पॉलिश जपून. माळेला सेंट, साबण, घाम काहीच चालत नाही, फिरोजा शोषून घेतो आणि रंग बदलतो, दोराही कधी ना कधी परत ओवावा लागतो. ज्याला प्राण्याची गोष्ट बोटाने चाचपत बसायला आवडतं त्याने माळ घ्यावी. मी पहिल्यांदा घेणाऱ्याला कडं सांगेन, आणि बजेट कमी असेल तर एकच झुनी अस्वल दोऱ्यात ओवून.